खोली नंबर तीन

लाँच बामणोलीहून सुटली तेव्हा
माणसं पाच, कोंबड्या दोन आणि गॅसची एक टाकी.
शेवटच्या थांब्यावर मी एकटीच उतरले,
पाण्यानं सोडून दिलेल्या तांबड्या मातीवर.
मार्चात धरण असंच मागे सरतं,
आठवड्याला एक रेघ ठेवत.

उतेकरांनी हातातली गळकाठी ओळखली,
मला नाही.
"सायबांची ना ही? सायब न्हाय आलं?"
गुडघा, मी म्हटलं. बदलायचाय.
"मंग तीन नंबरच देतो. त्यांचीच हाय ती."

खोल्या दोनच आहेत.
एक नंबर कुठल्याशा वादळात गेली,
उरलेल्यांनी आपापले आकडे सोडले नाहीत.

कारवीचा कूड, वर पत्रा,
पत्र्यावर दगड.
आत एक खाट, चार खिळे,
आणि एका खिळ्याला तुझा तो मफलर,
ज्याच्यावरून आपण दिवाळीत भांडलो.
मी म्हणत होते, तूच कुठेतरी विसरलास.
तू म्हणत होतास, मी बोहारणीला दिला.

बारा वर्षं, दर वर्षी चार दिवस.
बारा वर्षं परत आलास की सिंकमध्ये एक आख्खा मासा,
आणि ओट्याला टेकून तू सांगायचास
कसा लागला, कसा पळाला,
दोरी बोटात कशी रुतली.
मी खवले काढत ऐकायची.
खवले नंतर आठवडाभर सापडत राहायचे,
मिक्सरच्या बुडाशी, बांगडीत,
एकदा तर सहामाहीच्या पेपरांत,
एका पोराच्या चुकलेल्या गणितावर चिकटलेला.
त्याला मी एक मार्क जास्त दिला होता.

रात्री दात घासताना दिसली ती चौकट.
दाराच्या आतून, उजव्या हाताला,
पेन्सिलीनं, तुझ्या त्या बँकेतल्या अक्षरात:
२०१३. काही नाही.
२०१४. काही नाही.
२०१५. मळ्या, वीतभर. सोडला.
२०१६. काही नाही. चांदणं.
खाली तसंच, खाली तसंच,
मधे एका वर्षी नुसतंच "भेकर ओरडलं",
आणि शेवटी, आकडा जरा वाकडा,
२०२४. बसता येत नाही फार.

तोंडात पेस्ट तशीच. सोलरचा दिवा
नऊनंतर नुसता नावाला.

उतेकरांना मी काही विचारलं नाही.
त्यांनीच सांगितलं, सकाळी, भाकरी उलटताना,
"जाताना आमच्या जाळ्यातला एक न्यायचे. पैशे रोख.
वर इचारायचे, कुठं घावला, कसा घावला.
म्हंजी घरी नीट सांगता येतंय."
आणि दिवसभर?
"बसायचे."
आणि?
"बसायचेच की, बाई. गळाला कणीक बी नसायची कवा कवा."
मग हात पुसून पाण्याकडे बोट केलं,
"मे म्हैन्यात तिथं आमचं खळं वर येतंय.
त्ये बघायला या म्हनायचो. त्यांना रजा नसायची."

मला राग यायला हवा होता.
मी तो दगडापर्यंत नेलासुद्धा,
तुझ्या बुडाच्या मापानं गुळगुळीत झालेल्या.
गळ टाकला. तरंगा लाल, पाणी हिरवं.
एक खंड्या आला, माझ्यापेक्षा हुशार,
दोनदा बुडी मारून दोनदा जेवून गेला.
दुपारी वारा पडला.
कुणीच काही मागत नव्हतं.
किती वर्षांनी, म्हणून मोजायला लागले
आणि मधेच मोजणं विसरले.

संध्याकाळी टेकाडावर गेले की रेंज येते.
तुझा मेसेज, दुपारचा: लागलं का काही?
"साडेतीन फुटी" लिहिलं. पुसलं.
"सांगते आल्यावर" लिहिलं, आणि पाठवलं.

निघायच्या दिवशी पेन्सिल मागून घेतली.
तुझ्या वाकड्या आकड्याखाली
वर्ष घातलं, आणि "काही नाही".
अक्षर वेगळं आहे, कळेल तुला,
पुढच्या वर्षी गुडघा वाकला तर.

उतेकर कटला कापायला बसले,
म्हटलं थांबा, आख्खाच द्या.
घरी गोष्ट मी सांगणार आहे,
ओट्याला टेकून.
खवले काढायला गुडघा लागत नाही.